लोणार ते मेहकर: झडीतला एक दिवस, आणि जानेफळच्या पुढचा रस्ता विचारायचा आहे

सरकी

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलाय, पण तुकडे करून सांगता येणार नाही.

गेल्या श्रावणात आम्ही दोघं, मी आणि नवरा, सिंदखेडराजाहून शेगावला पायी निघालो होतो. पंढरपूरहून परत येताना गजानन महाराजांची पालखी ज्या रस्त्याने येते त्याच रस्त्याने. पालखीसोबत मात्र नाही. पालखी शेगावला पोचून आठवडा झाल्यावर, आपल्या चालीने, दोघंच. जानेफळपर्यंत गेलो आणि परतावं लागलं. यंदा उरलेलं पुरं करायचं आहे.

कारण सांगते. माझ्या सासूबाई दर वर्षी पालखीचा शेवटचा टप्पा चालायच्या, खामगाव ते शेगाव, सोळा-सतरा किलोमीटर. त्या दिवशी तो रस्ता माणसांनी भरून वाहतो, ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माहीत आहे. सासूबाई म्हणायच्या, "एकडाव शिंदखेडापासून चालीन, जिजाऊच्या गावापासून." ते राहून गेलं. त्यांची लाकडी दांड्याची काळी छत्री घेऊन आम्ही निघालो. सामानात तेवढी एकच वस्तू चालण्याच्या कामाची नव्हती असं निघताना वाटलं होतं.

लोणारला मुक्काम होता. पहाटे धारेवर, म्हणजे तिथल्या झऱ्यावर गेलो, गोमुखाच्या पाण्याखाली डोकं धरलं. विवराच्या काठावरून खाली पाहिलं तर तळं दिसलंच नाही. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर काठोकाठ ढगाने भरलं होतं, आणि त्या ढगाच्या आतून मोर ओरडत होते. मी तिथून हलायला तयार नव्हते. यांनी घड्याळ दाखवलं.

तीन दिवसांपासून झड लागली होती. इथे वेगवेगळ्या भागातले लोक वाचतात म्हणून सांगते. झडीत पाऊस जोर धरत नाही आणि उघडतही नाही. ढग जागचा हलत नाही. चुलीचा धूर छपरावर न चढता अंगणात उतरतो. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतात. शेतकऱ्याची डवरणी थांबते आणि तण मात्र थांबत नाही. कोकणात नाहीतर घाटमाथ्यावर चाललेल्यांना हा पाऊस अगदी किरकोळ वाटेल. त्याचं भिजवणं हळू असतं, पण दुपारपर्यंत आतला सदराही पिळून निघतो.

सुलतानपूरपर्यंतचा रस्ता डांबरी, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ट्रक गेला की चिखलाचा फवारा अंगावर. सुलतानपूरला गरम आलुबोंडा आणि चहा घेतला. तिथे कोणीतरी यांना सांगितलं की पुढे डावीकडे एक पांधण, म्हणजे वावरांमधली मातीची वाट लागते, तिने गेलं तर दोन-तीन किलोमीटर वाचतात आणि ट्रकांचा त्रासही नाही. हे लहानपणी वावरातच वाढलेले. पांधण म्हटल्यावर चेहरा उजळला. मला डांबरी सोडायची नव्हती. मी तसं बोलले नाही. ही माझी चूक, आणि ती सकाळची, नाल्यावरची नाही.

काळ्या मातीत पावसात चालणं ज्यांनी केलं नाही त्यांना ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पहिल्या पन्नास पावलांत बुटाखाली दुसरा बूट तयार होतो. मग तो बाजूने वाढतो. पाय उचलताना मांडीला वजन कळतं. दगडावर घासून काढला तर दहा पावलांत परत तेवढाच. यांनी बूट काढून गळ्यात अडकवले आणि अनवाणी चालू लागले. मी बाभळीच्या काट्यांना भ्यायले, बूट ठेवले. दीड किलोमीटरला एक तास लागला. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं सोयाबीन, कुठे कुठे पिवळं पडायला लागलेलं, सरींमध्ये पाणी साचलेलं. एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तरोटा (टाकळ्याची रानभाजी) दाट उगवला होता, मी पदरभर खुडून घेतला. त्या तासातली तेवढीच गोष्ट मला आवडली.

मग नाला आला. त्याच्यावर रपटा, म्हणजे पात्रालगतचा बसका पूल. रपट्यावरून पाणी चाललं होतं, घोट्याच्या जरा वर. चहासारखं तांबूस, काडीकचरा घेऊन. पलीकडे पांधण परत चढलेली दिसत होती, पंधरा-वीस पावलांवर. डोक्यावर रिमझिम.

हे थेट पाण्यात उतरले. चार पावलं गेले आणि मागे न बघता म्हणाले, "ये, काही नाही, घोटाभर पाणी आहे."

मी म्हटलं, "मी येत नाही."

"एवढ्याशा पाण्याले भेतं का?"

"भेते. तुम्ही जा. मी इथं उभी राहते."

सत्तावीस वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. हे वळले. थोडा वेळ तसेच पाण्यात उभे राहिले. मला वाटलं आता चिडतील. काही न बोलता परत आले आणि आम्ही आल्या वाटेने मागे फिरलो. बोलणं बंद. त्यांच्या पाठीवरची पिशवी आणि तिच्यावर टपटपणारं पाणी एवढंच मला दिसत होतं.

अर्ध्या फर्लांगावर एका वावरात टिनाचं छप्पर होतं. एक बाई आणि तिचा नवरा आत बसलेले, बैलजोडी बाजूला. बाईने हाक मारली, "ओ माय, अशा पान्यात कोन चालते वो? या, आत या, पाय धुवा." तिने गुळाचा कोरा चहा केला, सुंठ ठेचून. मी पदरातला तरोटा तिच्यासमोर ओतला. तिने लगेच निवडायला घेतला, तव्यावर लसूण-मिरची टाकली, आणि डब्यातल्या ज्वारीच्या भाकरी आम्हा चौघांत वाटल्या. स्वतःच्या दुपारच्या जेवणातल्या भाकरी होत्या त्या.

जेवताना आवाज आला. आधी मला वाटलं समृद्धीवरून एखादी मोठी गाडी जाते आहे. त्या भाऊंनी घास हातात धरून कान दिला आणि म्हणाले, "नाला आला." आम्ही बाहेर येऊन पाहिलं. रपटा दिसतच नव्हता. जिथे हे उभे होते तिथून बाभळीचं अख्खं झाड मुळासकट आडवं होत गेलं. नाल्यावरून निघून आम्हाला पाऊण तासही झाला नव्हता. आमच्या डोक्यावर तेव्हाही रिमझिमच होती. भाऊ म्हणाले, "हे इथलं पानी नाही. वरतं कुठंतरी पडलं."

हे बराच वेळ बाहेर उभे होते. भिजत.

चारच्या सुमारास डांबरीवर परत आलो. मेहकर अजून आठेक किलोमीटर, अंधारून आलेलं, माझ्या टाचेला फोड. मी काळीपिवळीला हात केला. यांना ते पटलं नाही, पण बसले. रात्री मेहकरला लॉजवर माझ्या पायाला खोबरेल लावता लावता म्हणाले, "मला वाटलं तू येशीलच मागून." मी म्हटलं, "आजवर आलेच ना." त्यावर दोघांनाही पुढे काही बोलता आलं नाही.

सकाळी उठून म्हणाले, काल जिथून गाडीत बसलो तिथे परत जाऊ आणि तेवढं चालून येऊ. मला राग आला होता. तरी गेले. उघडीप होती, रस्ता धुतलेला, दोन तासांत पैनगंगेचा पूल आला. बालाजीच्या मंदिरात त्या उंच काळ्या मूर्तीसमोर बसलो तेव्हा लक्षात आलं की छत्री त्या वावरातल्या छपरात राहिली.

पुढे जानेफळला माझी टाच चिघळली आणि आम्ही एसटीने अकोल्याला घरी आलो.

आता विचारायचं ते असं. एक, जानेफळ ते खामगाव ज्यांनी पावसात पायी केलं आहे त्यांनी मुक्काम आणि नाले-ओढे याबद्दल सांगावं. दोन, जोडीने चालताना थांबायचं कोणी ठरवायचं? तुमच्यात काही नियम आहे का? आणि तीन, हे यांनी विचारायला सांगितलं आहे: मधलं गाडीने गेलेलं अंतर दुसऱ्या दिवशी चालून भरलं तर ती वाट पायीच झाली असं धरायचं की नाही?

चालतवाट

सुंदर लिहिलंय. मी सह्याद्रीत वीस वर्षं पावसाळी भटकंती करतो, बायको बऱ्याचदा सोबत असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला आमचा नियम सांगतो: जो थांबू म्हणेल त्याचं ऐकायचं, कारण विचारायचं नाही. कारण रात्री मुक्कामावर बोलायचं. वाटेत कारण विचारलं की वाद होतो, आणि वादात नेहमी पुढे जायचं म्हणणारा जिंकतो, कारण त्याला फक्त "चल" म्हणायचं असतं.

पण प्रामाणिकपणे सांगतो, घोटाभर पाणी आणि पंधरा पावलं असतील तर मी ओलांडलं असतं. एकमेकांचा हात धरून, काठी वरच्या अंगाला टेकवून, प्रवाहाला तिरपं. आमच्याकडे असे ओढे दिवसात चार लागतात.

पैनगंगाकाठ

मी मेहकर तालुक्यातलाच हाव. वावर नाल्याच्या काठालेच हाय म्हून लिहितो.

चालतवाट भाऊ, तुमच्या तिकडल्या ओढ्यात खालचा दगड दिसते. आमच्या नाल्यात काहीच दिसत नाही, पानी गढूळ. रपट्याची कड तुटली असन तं पाय टाकल्यावरच समजते. अन् खरी गोष्ट येगळीच हाय. रपट्याखालून सिमिटाच्या नळ्या असतात. वरून पऱ्हाट्या, तुराट्या, कुटार वाहत येते अन् त्या नळ्यात अडकते. नळ्या चोंदल्या का मांगं पानी साचते, अन् मंग एकदम वरून येते. घोटाभराचं मांडीभर व्हाले चहा प्यायचा टाइम बी लागत नाही. रपट्यावर पानी हाय म्हन्जे खालच्या नळ्या आधीच भरल्या, असं समजाचं.

ताईनं बराबर केलं. आमच्या इकडं दर पावसाळ्यात कोनी ना कोनी रपट्यावर जाते. मोटरसायकलवाले जास्त. माह्या डोळ्यासमोर एक जोडी वाचली, गाडी गेली.

अन् ताई, तुमी डवरनीचं लिहिलं, बरं वाटलं. पायी जानारे लोकं आमच्या वावराकडं हिरवं म्हून पाहतात. ते पिवळं पडून राहिलं हे कोनी पाहत नाही. सोयाबीनच्या मुळात चार दिवस पानी राहिलं का झाड उभ्या उभ्या गुदमरते.

चालतवाट

नळ्या चोंदण्याचं मला माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेतो. पावसाळी ओढा म्हणजे सगळीकडे सारखाच असं मी धरून चाललो होतो.

दगडधोंडे

पेशाने भूगर्भशास्त्र शिकवतो, मूळचा चिखलीचा. सरकीताईंच्या बुटाखालच्या मातीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही सकाळी ज्या विवरात डोकावलात तो खडक आणि दुपारी बुटाला चिकटला तो चिखल एकाच घरातले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. त्यात उल्का आदळून लोणारचं विवर झालं. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोकही लोणारला येतात. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं ते अनेकांना आठवत असेल. क्षार वाढल्यावर त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

हाच बेसाल्ट झिजून काळी माती होते. तिच्यातले चिकणमातीचे कण पत्र्यांच्या चवडीसारखे असतात आणि त्या पत्र्यांच्या मधे पाणी शिरतं. माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून जातं आणि वावराला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खोल जातं. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की पाणी आत घेणं जवळजवळ थांबतं. झडीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर पडेल तो थेंब बहुतेक नाल्यातच जातो. तुमचा नाला इतक्या चटकन का आला, याचं निम्मं कारण हे आहे. म्हणून पहिल्या दिवशी ज्या रपट्यावरून सहज गेलात त्याचा चौथ्या दिवशी भरवसा धरू नका. पाऊस तेवढाच असला तरी.

आणि यंदाच्या टप्प्यासाठी एक सांगतो. मेहकरची पैनगंगा वर्धेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जातं. शेगावच्या बाजूचं पाणी पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि पश्चिमेच्या समुद्राला. म्हणजे जानेफळहून खामगावला चालत जाताना तुम्ही कुठेतरी ती पाणलोटाची रेघ ओलांडणार. मी दर वेळी तिथून एसटीने जाताना खिडकीतून ती शोधतो. पायी जाणाऱ्याला ती नीट कळेल, उतार बदलतो.

वॉर्डातली_ताई

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. टाच चिघळली हे वाचून लिहिते आहे.

ओल्या मोज्यात तासन्‌तास पाय राहिला की कातडी पांढरी पडते, सुरकुतते आणि मऊ होते. त्या कातडीला साधी घडीसुद्धा कापते. दर दीड-दोन तासांनी थांबून मोजे काढायचे, पाय पुसून दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवायचे. निघताना टाचेला आणि बोटांच्या मधे व्हॅसलीन. सुक्या मोज्यांचा एक जोड फक्त रात्रीसाठी, तो दिवसा काही झालं तरी घालायचा नाही. फोड स्वतः फोडू नका. मधुमेह असेल तर अनवाणी अजिबात नको, काटा गेलेला कळतच नाही. साहेबांची साखर तपासून घ्या, पन्नाशीनंतर सगळ्यांनीच.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या पावसाळ्यासाठी महत्त्वाची आहे: स्क्रब टायफस. गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्याने होतो. २०१८ मध्ये नागपूरकडे बरेच रुग्ण सापडले होते. चावल्याची जागा बऱ्याचदा कमरेला, काखेत किंवा जांघेत असते, सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली, आणि ती दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही. धुऱ्यावर गवतात थेट बसू नका, पन्नी अंथरा. मुक्कामी कपडे बदला. आणि चालून आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की गवतातून चाललो होतो. वेळेवर कळलं तर साध्या औषधाने बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेततं.

तरोटा खुडताना हात कुठे घालतो आहोत तेही बघत जा हो. घोणस पावसाळ्यात धुऱ्यावरच असते.

रानपाखरू

एक प्रश्न विचारते, इतर कोणी विचारणार नाही म्हणून. बायकांची सोय कशी करता? मी आणि माझा नवरा दोघं मिळून असं चालायचं म्हणतो आहोत, पण मी दर वेळी ह्याच कारणाने नाही म्हणते. सपाट मुलुख, आडोसा नाही, दिवसभर पाणी न पिता चालायचं म्हणजे डोकं दुखतं.

सरकी

रानपाखरू, विचारलंत ते फार बरं केलंत. पहिल्या दिवशी मीही पाणी कमी प्यायले आणि दुपारी चक्कर आली. दुसऱ्या दिवसापासून ठरवलं की गावात शिरल्यावर पहिल्या दोन-तीन घरांत जी बाई दारात दिसेल तिला सरळ विचारायचं. एकीनेही नाही म्हटलं नाही. उलट "आधी चहा घ्या" असंच म्हणाल्या. शाळा भरलेली असेल तर मॅडमना विचारायचं. दोन गावांमध्ये सहा-सात किलोमीटरच्या वर अंतर सहसा पडत नाही. कोरडी जागा आणि बंद दार मिळालं की मग पाणीही पोटभर पिता येतं. पाळीच्या दिवसांत काय करावं ते माझ्या वयामुळे मला आता सांगता येणार नाही, तरुण मुलींनी लिहावं.

ताई, साखर तपासली. त्यांची ठीक आहे, माझी काठावर आहे. अनवाणी चालणं दोघांचंही बंद.

दगडधोंडे, तुमचा प्रतिसाद मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. माती फुगून भेगा मिटतात इथे त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, बाबा म्हणायचे, "वावराचं पोट भरलं का नाला बोलते." एवढी वर्षं त्यांना ती नुसती म्हण वाटत होती.

आजीची_गोधडी

माझं वय ७४. नात टाइप करते आहे.

तुझ्या सासूबाईंसारखीच मी खामगाव-शेगाव एकोणीस वेळा चालले. शेवटची दोन वर्षं गुडघ्यांमुळे अर्ध्यातून बसावं लागलं. तुझ्या मालकांनी विचारलं आहे म्हणून सांगते. आम्ही बायका चालायचो तेव्हा एखादीला भोवळ आली की तिला बैलगाडीत घालायचो. ती रडायची, माझी वारी मोडली म्हणून. तेव्हा आमच्यातली म्हातारी तिला म्हणायची, तू बसलीस त्या गाडीमागे आम्ही चालतो आहोत ना, मग तुझी मोडली कशी. मालकांनी दुसऱ्या दिवशी जाऊन चालून भरलं ते चांगलं केलं. पण नसतं भरलं तरी काही उणं नव्हतं. आणि तू रागावलेली असताना त्यांच्यासोबत परत गेलीस, ते माझ्या मते त्या आठ किलोमीटरपेक्षा मोठं चालणं झालं.

छत्रीचं काय झालं ते सांगितलं नाहीस.

चालतवाट

आजी, नमस्कार. थोडं वेगळं मत मांडतो. पायी म्हटलं की पायीच, असं मी मानतो. दुसऱ्यासाठी नव्हे, स्वतःशी केलेल्या बोलीसाठी. म्हणून सरकीताईंच्या यजमानांनी परत जाऊन ते अंतर भरलं यात मला माझ्या मनातलं कोणीतरी भेटलं. त्यांनी गाडीत बसायला नाही म्हटलं असतं तर मात्र चुकलं असतं, कारण ताईंच्या टाचेची किंमत त्या बोलीपेक्षा जास्त. दोन्ही एकाच माणसाने केलं, हे मला फार आवडलं.

घाटाखालचा

मी खामगावचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही म्हणून लिहितो.

जानेफळ ते खामगाव एका दिवसात धरू नका. पालखी येते तेव्हा मधे शिर्ला नेमाने आणि आवार इथे थांबते, तुम्हीही तसेच टप्पे पाडा. पालखीच्या वेळी प्रत्येक गाव जेवण घेऊन उभं असतं, एरवी तसं नसतं. आदल्या दिवशी फोन करून सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगून ठेवलं तर मंदिरात नाहीतर शाळेत सोय होते. अंथरायला स्वतःचं ठेवा, फरशी ओलसर असते.

आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असं म्हणतात ते तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही आतापर्यंत चाललात ते सगळं घाटावरचं. आता उतरायचं आहे. उतरताना झड असेल तर घाटातल्या वळणांवर धुक्यात गाडीवाल्यांना माणूस दिसत नाही. पिशवीवर लाल किंवा भगवं कापड बांधा, चमकणारी पट्टी मिळाली तर आणखी चांगलं. गाड्या समोरून दिसतील अशा उजव्या अंगाने चाला. छत्री दोघांनी एकच घेऊन जोडीने चालू नका, एकामागे एक चाला. उतारावर गुडघ्यांना त्रास होतो, काठी दोघांकडेही हवी.

खाली आलात की हवा बदललेली कळते. उकाडा जास्त, कपाशी जास्त. विजांचा धोका दोन्हीकडे आहे. मोबाईलवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, पुण्याच्या हवामान संस्थेने केलेलं आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर सांगतं. वीज चमकल्यावर आवाज यायला तीस सेकंदांपेक्षा कमी लागले तर पक्क्या घरात जायचं. वावरातल्या एकट्या झाडाखाली कधीच नाही. टिनाच्या उघड्या छपराखालीही नाही, तुम्ही बसलात त्या दिवशी विजा नव्हत्या म्हणून निभावलं.

खामगावला आलात की इथे लिहा. शेवटचे सोळा किलोमीटर मी आणि बायको सोबत येतो.

पैनगंगाकाठ

सुलतानपूरच्या पुढं डाव्या अंगाची ती पांधण, तिथल्या रपट्याच्या नळ्या यंदा उन्हाळ्यात गावानं मोकळ्या केल्या. तरी बी पान्यात जाऊ नोका. डांबरीनंच जा.

सरकी

घाटाखालचा भाऊ, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतला. मधे दोन मुक्काम, उजवं अंग, भगवं कापड, काठ्या दोन. खामगावला नक्की कळवते.

नियमाचं ठरलं. चालतवाट म्हणतात तसंच: थांबू म्हणेल त्याचं ऐकायचं, कारण रात्री. हे म्हणाले, त्यात अजून एक घाल: पुढे चालणाऱ्याने दर शंभर पावलांनी मागे बघायचं. ते घातलं आहे. सकाळी आम्ही दोघं बाजारात जातो, त्यात सराव चालू आहे.

आजी, छत्रीचं सांगायचं राहिलं. निघताना त्या बाईंनी माझा नंबर घेतला होता. दिवाळीत त्यांचा फोन आला, की छत्री छपराच्या वाशाला टांगून ठेवली आहे. परवा परत आला. उंदरांनी कापड कुरतडलं, दांडा आणि काड्या चांगल्या आहेत, त्यांना फार वाईट वाटत होतं. मी सांगितलं कापड बदलता येतं, अकोल्यात छत्र्या दुरुस्त करणारे बसतात. त्यांनी विचारलं, यंदा पेरणी लवकर उरकली आहे, कधी येता? भाकरी कोणासाठी जास्तीच्या टाकायच्या ते आधी कळलं म्हणजे बरं.

तर यंदा जानेफळला थेट जायचं नाही असं ठरलं आहे. आधी सुलतानपूरला उतरून डांबरीने त्यांच्या गावात जायचं, तरोटा मिळाला तर घेऊन. तिथून छत्री घ्यायची, आणि मग एसटीने जानेफळ.